गुरुऋणाचे दप्तर



ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना त्यांच्या भावी कर्तव्यांची याद वाचून दाखवावी, असा पदवीदानाच्या प्रसंगीचा शिरस्ता आहे. परंतु ती याद तुमच्या अध्यापकांनी आणि नेमणुकीच्या हुकुमांनी तुम्हांला यापूर्वीच पुरेशी ऐकवली असेल, अशा समजुतीने मी आज भविष्यकाळ बाजूस ठेवतो आणि ज्यांनी तुमच्या कोवळ्या वयात श्रद्धेची पहिली अक्षरे तुमच्याकडून गिरवून घेतली, त्यांच्या ऋणाकडे वळतो.

हे ऋण मोठे विलक्षण आहे. गणित शिकवणाऱ्याचे उपकार मानताना त्याने शिकवलेला प्रत्येक सिद्धान्त आपण जन्मभर मान्य ठेवतो. श्रद्धा शिकवणाऱ्याच्या बाबतीत मात्र पुष्कळदा असे घडते की, शिष्य जितका मन लावून शिकतो तितका तो गुरूच्या मतांपासून दूर सरकत जातो, आणि मग या दुराव्याला कृतघ्नता म्हणावे की शिकवणीचे फळ म्हणावे, असा पेच दोघांपुढेही पडतो. मराठी ख्रिस्ती जीवनात हा पेच पंडिता रमाबाईंइतका कोणी उघडपणे सोसलेला नाही.

1882 साली पुण्यास आल्यावर रमाबाईंनी मिस हरफर्ड यांच्याजवळ इंग्रजीचे आणि नव्या कराराचे पाठ घेतले. नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्या, काशीत शास्त्राध्ययन करून 1848 साली ख्रिस्ती झालेल्या पंडिताचा सहवासही त्यांना तेथेच लाभला. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडात वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी लंडनच्या फुलहॅम भागात चाललेले कार्य पाहून, ही करुणा या लोकांत येते कोठून, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने कोणताही सिद्धान्त न मांडता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. प्रश्नाला इतके नेमके उत्तर क्वचितच कोणा उपदेशकाने दिले असेल. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या, त्यांना त्या घरगुती जिव्हाळ्याने आजीबाई म्हणू लागल्या.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही मिशनच्या अहवालात शोभण्यासारखी आहे. खरा बोध पुढे आहे. या आजीबाईंशी रमाबाईंचा वाद लवकरच सुरू झाला. त्रैक्याच्या सिद्धान्तावर झाला, बिशपांच्या अखत्यारावर झाला, लहानग्या मनोरमेला वाँटेजला काय शिकवावे यावर झाला. इतकेच काय, गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आमच्या संस्कृताने काय अपराध केला, यावरही झाला. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या सायासाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जू मी मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी निःसंकोच लिहिले. उलट टपाली गर्वाचा ठपका आला. दोन्ही बाजूंची पत्रे वाचताना कधी शिष्येच्या करारीपणाचे कौतुक वाटते, तर कधी, खरे सांगावयाचे तर, गुरूची कीव येते.

परंतु ही पत्रे आज आपल्याला वाचता येतात, हे कोणामुळे? ज्या पत्रांत आपलीच शिष्या आपले म्हणणे खोडून काढते, ती पत्रे जेराल्डीनबाईंनी स्वतः जुळवून ठेवली, म्हणून ती 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला ग्रंथरूपाने प्रसिद्ध करता आली. आपल्या मंडळ्यांतील जुन्या कागदपत्रांची वाळवीने लावलेली विल्हेवाट ज्याने पाहिली आहे, त्याला या जतनाचे मोल सांगावयास नको. आणि रमाबाईंनीही आजीबाईंशी पत्रव्यवहार तोडला नाही.

रमाबाईंची कृतज्ञता ख्रिस्ती मंडळीच्या हद्दीपाशीही थांबली नाही. बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनी, 1887 साली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला. लक्ष्मीबाई डोंगरे यांनी ख्रिस्ताचे नावही मुलीला शिकवले नव्हते. त्यांनी शिकवले संस्कृत, आणि पवित्र मानलेल्या शब्दाचा अर्थ बारकाईने लावण्याची सवय. केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू-ग्रीकवरून सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचा उद्योग रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केला, त्यात या मातेचा वाटा किती, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहावा?

काही गुरूंचे तर नावही उरत नाही. 1893 साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत ज्या गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, त्याचे नाव टिळकांपाशी राहिले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, तो त्या गृहस्थाला कधी कळला असेल असे वाटत नाही.

तुमचे गुरू सुदैवाने असे बेपत्ता नाहीत. कोणाकडून शब्बाथ शाळेतील बाईंनी दहा आज्ञा पाठ करून घेतल्या असतील, कोणाला डोळे अधू झालेल्या आजीने आपल्यासाठी स्तोत्रे मोठ्याने वाचावयास बसवले असेल, कोणाला तालुक्याच्या गावी चार-सहा घरांची मंडळी सांभाळणाऱ्या पाळकांनी उपासनेनंतर थांबवून घेऊन शंका विचारू दिल्या असतील. पैकी जी माणसे हयात आहेत, त्यांना नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वी एकेक पत्र लिहा. त्यात आभार असावेतच. पण या विद्यालयात शिकून ज्या ज्या बाबतीत तुमचे मत त्यांच्याहून वेगळे झाले असेल, तेही आडपडदा न ठेवता, वयाचा मान राखून, सविस्तर लिहा. शेवटी आपला पत्ता सुवाच्य अक्षरांत घालावा. त्यांना उत्तर द्यावेसे वाटणार, आणि ते बहुधा लांबलचक असणार.