फोन लपवतो, राऊटर सांगतो

आज बोलूया घराच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेल्या राऊटरबद्दल. तो तुमचा पत्ता बाहेर सांगत असू शकतो. आणि पत्ता म्हणजे पार गल्लीपर्यंतचा!

आधी थोडं तंत्र. नेटला जोडायच्या यंत्राला कंपनी १२ अक्षरी मॅक ॲड्रेस देते. एरवी तो घरच्या नेटवर्कबाहेर जात नाही. पण आयपीव्ही६ मध्ये (आणि भारत ते वापरण्यात जगात आघाडीवर आहे बरं का) पत्त्याचा मागचा अर्धा भाग यंत्र स्वतः बनवू शकतं. जुनी पद्धत अशी : मॅक ॲड्रेसच्या मधोमध 'एफएफएफई' घाला, एक बिट उलटा करा, झालं! हा पत्ता ज्याला दिसला, त्याला मॅक ॲड्रेसही मिळाला.

तुम्ही म्हणाल, फोन तर पत्ते बदलत राहतो. बरोबर. पण बरेच राऊटर अजून जुन्याच पद्धतीवर आहेत. तुमच्या नेटवर्कमधल्या, अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर कुणी बाहेरून पॅकेट पाठवलं, की अनेक राऊटर 'इथे असं कुणी नाही' असं उत्तर देतात. त्या उत्तरावर पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता असतो! नेट कंपनीने पत्त्याचा पुढचा भाग बदलला, तरी शेपटी तीच राहते.

आता घर कसं सापडतं? राऊटरच्या वायफायचा नंबर बऱ्याचदा या मॅक ॲड्रेसच्या अगदी शेजारचा असतो. आणि कुठला वायफाय कुठे आहे, याचे मोठे डेटाबेस तयार आहेत. फोन त्यावरूनही लोकेशन काढतो. एरिक राय आणि रॉबर्ट बेव्हर्ली या संशोधकांनी या दोन गोष्टी जुळवल्या आणि १४६ देश-प्रदेशांतल्या तब्बल १ कोटी २० लाख राऊटरांची जागा शोधली. कुणाच्याही घरात न शिरता!

पाठलाग करणाऱ्यापासून लपायला एखादीने घर बदललं आणि राऊटर सोबत नेला, तर विचार करा.

मग करायचं काय? राऊटरच्या सेटिंगमध्ये स्टेटस पानावर वॅनचा आयपीव्ही६ पत्ता बघा. मागच्या अर्ध्या भागात मधोमध 'एफएफएफई' दिसलं, तर फर्मवेअर अपडेट करा. तरीही तेच दिसलं, तर नेट कंपनीकडे दुसरा राऊटर मागा. वायफायच्या नावाशेवटी 'अंडरस्कोर नोमॅप' जोडलं, तर गुगल आणि ॲपल तो आपल्या नकाशात घेत नाहीत. आणि घर बदलताना शक्य असेल तर राऊटरही बदला.

हा भाग संपला, की पाच मिनिटं काढून तेवढं तपासाच. भेटूया पुढच्या भागात!