वाहत्या रक्तातली तिसरी पेशी

रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की तांबड्या पेशी लगेच दिसतात. थोडं शोधलं की पांढऱ्याही सापडतात. तिसऱ्या पेशीने, म्हणजे प्लेटलेट किंवा रक्तपट्टिकेने, मात्र एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांना बराच काळ चकवलं. ती कुणाला दिसलीच नव्हती असं नाही. जर्मनीत माक्स शुल्ट्झे यांनी १८६५ साली तिचं वर्णन केलं होतं, तरुण विल्यम ऑस्लर यांनीही १८७४ साली तिच्याबद्दल लिहिलं होतं. पण हा फुटलेल्या पेशींचा चुरा असावा, असंच अनेकांना वाटे. तसं वाटायला कारणही होतं. शरीराबाहेर पडताच या पट्टिका भराभर एकमेकींना चिकटतात, त्यांचा आकार बिघडतो आणि काचेवर नुसता ओबडधोबड पुंजका उरतो.

इटलीतल्या ट्युरिन विद्यापीठाचे प्राध्यापक जुलिओ बिझोझेरो यांनी यावर काढलेल्या तोडग्याचं मला आजही अप्रूप वाटतं. रक्त बाहेर काढायचंच नाही! प्राण्याला गुंगी देऊन त्यांनी आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा अलगद सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि त्यातल्या केसाहून बारीक वाहिन्यांमधून वाहणारं रक्त पाहिलं. तांबड्या पेशींच्या गर्दीत तिथे रंगहीन, चपट्या चकत्या वाहत होत्या. तांबडीच्या निम्म्याहूनही लहान, पण सुट्या आणि धडधाकट. जिवंत वाहिनीत त्या सापडल्या, त्यामुळे चुऱ्याचा प्रश्नच मिटला.

मग त्यांनी वाहिनीच्या भिंतीला इजा केली आणि डोळा लावून बसले. इजेच्या जागी आधी एक पट्टिका अडकली, तिच्यावर दुसरी, मग आणखी काही, आणि बघता बघता तिथे पांढुरका बांध तयार झाला. पांढऱ्या पेशी आल्या त्या मागाहून. जखमेवर सर्वात आधी कोण धावून येतं, हे कुणीतरी घडताना पाहिलं होतं. १८८२ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. रक्तस्राव थांबवणारी हीच पट्टिका रोगट रक्तवाहिनीत नको तिथे गुठळीही करते, हा धागाही याच निरीक्षणातून पुढे हाती लागला.

पट्टिका येतात कुठून, हे मात्र त्यांना कळलं नाही. अस्थिमज्जेतल्या ज्या राक्षसी पेशींपासून त्या सुटतात, त्या पेशी बिझोझेरोंनी स्वतः पाहिल्या होत्या! दोहोंचं नातं बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली दाखवलं. तोवर बिझोझेरो हयात नव्हते. उतारवयात डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या कामात झोकून दिलं होतं.

आज पट्टिका यंत्र मोजतं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख. पण त्यांची जुनी खोड गेलेली नाही. तपासणीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून तिच्यात घातलेल्या रसायनानेच काही जणांच्या पट्टिका गोळा होतात. यंत्राला ते पुंजके पट्टिका म्हणून ओळखता येत नाहीत. एखादा धडधाकट माणूस, अंगावर एक लाल ठिपका नाही, आणि रिपोर्टवर आकडा तीस हजार! अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून त्याच्या कडेला बघावं. तिथे पुंजके बसलेले दिसतात. निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की बहुधा खरा आकडा मिळतो.

डेंगीत पट्टिका खरोखरच उतरतात. पावसाळ्यात घरोघरी ‘पेशी किती झाल्या?’ हाच प्रश्न असतो आणि नातेवाईक पिशव्यांसाठी रक्तपेढ्या पालथ्या घालतात. त्यांची घालमेल मला समजते. तरी कळकळीने सांगते, रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा खाली आला म्हणून पट्टिका चढवायची सहसा गरज नसते. डेंगीत जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे, आणि ते घडतं ताप उतरू लागतो तेव्हा, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमकं त्याच सुमारास. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांना पट्टिकांबरोबर हिमॅटोक्रिटही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाणही, विचारा. तो चढत असेल तर रक्त घट्ट होत आहे.

आणि अशा तापात अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन रोज चालू असेल, तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. पट्टिकेत केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिनने बाद केलेलं तिचं विकर, म्हणजे एन्झाइम, तिला पुन्हा घडवता येत नाही. ती उरलेलं आयुष्य, म्हणजे फार तर सात ते दहा दिवस, तशीच अर्धवट कामाची फिरते, आणि तिची जागा घ्यायला मज्जेतून नवी पट्टिका यावी लागते.