कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये कसा उतरवावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी कॉम्प्युटरवर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल, तर येऊ द्या. पण जी बाई शिवणयंत्र चालवते, कुकरची रिंग स्वतः बदलते, तिला दोन पिना कुठे खोचायच्या हे समजणार नाही, असे मला वाटत नाही.

माझ्या सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणत. १९९६ साली दिरांनी त्या दोन कॅसेटींत भरून घेतल्या. २००९ साली सासूबाई गेल्या. माझ्या धाकट्या मुलीने आजीला पाहिलेले नाही. ओव्या कुणी वहीत उतरवल्या नव्हत्या. काय होते ते त्या दोन फितींवर. फीत ही वस्तू नाशवंत. दमट हवेने तिला बुरशी धरते, वर्षे गेली की आवाज मंद होतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता घरोघर राहिली नाहीत. म्हणून हे काम मी शिकून घेतले.

आता कृती सांगते. तीन वस्तू लागतात: चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर, कॉम्प्युटर, आणि दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर. पिनेवर दोन काळी वळी असावीत. तीन वळ्यांची पिन मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनची. ती इथे नको. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी जुने पुसले जात नाही. टेपरेकॉर्डरचे हेड कापसाला स्पिरिट लावून हलके पुसावे व वाळू द्यावे.

वायरीचे एक टोक टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन आउट’ला लावावे. ते नसेल तर हेडफोनच्या भोकात लावून आवाज निम्म्याच्या खाली ठेवावा. दुसरे टोक कॉम्प्युटरला. मोठ्या कॉम्प्युटरला मागे रंगीत भोके असतात. बहुधा हिरवे आवाज बाहेर काढण्याचे, गुलाबी माइकचे आणि निळे ‘लाइन इन’चे. आपल्याला निळे हवे. माइकचे भोक अगदी बारीक आवाजासाठी केलेले असते. कान लावून बसलेल्या माणसाच्या कानाशी ओरडावे तसे तिथे होते आणि सगळे फाटके ऐकू येते. लॅपटॉपला निळे भोक सहसा नसते. त्यासाठी यूएसबीला लावायचे छोटे साउंड कार्ड मिळते. घेताना त्यावर ‘लाइन इन’ आहे ना, हे विचारून घ्यावे.

रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात ‘लाइन इन’ निवडावे आणि कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज आधी वाजवून पाहावा. पट्टी शून्याला टेकता कामा नये; उणे सहाच्या आसपास राहिली की ठीक. उतू गेलेले दूध पुन्हा पातेल्यात येत नाही, तसा फाटलेला आवाज मागून सुधारत नाही. आवाज लहान राहिला तर मात्र नंतर वाढवता येतो. घुंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने थांबतो.

यात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. तोवर भाजी निवडून होते. झाल्यावर ती ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. तासाला सुमारे सहाशे एमबी जागा लागते. नातेवाइकांना पाठवायला त्यातूनच लहान एमपीथ्री करता येते. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवावा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. फाइलला नाव द्या: गाणारीचे नाव, तिचे गाव, साल. नाव नसले तर चाळीस वर्षांनी तो आवाज कुणाचा, हे कोण सांगणार?

आपल्या ओव्यांना कोण विचारतो, असे म्हणू नका. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ सालापासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि कितीतरी ओव्या त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. त्या बायका तुमच्याआमच्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या.

आपल्या मंडळाच्या कपाटातही भोंडल्याच्या आणि मंगळागौरीच्या गाण्यांच्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत गाणाऱ्यांपैकी काहीजणी आज हयात नाहीत. माझी वायर आणि टेपरेकॉर्डर मी मंडळात आणून ठेवते. दर शनिवारी दुपारी दोघीतिघींनी आपापल्या कॅसेटी घेऊन यावे, आपण मिळून त्या उतरवू. आणि ज्यांच्या घरी गाणाऱ्या आजी अजून आहेत, त्यांनी कॅसेटीची वाट न पाहता आजच त्यांना गायला बसवावे.