आपल्या मालकीचा बर्फ

शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आज या प्रांगणातून बाहेर पडणाऱ्या स्नातकहो,

तुमच्यापैकी कोणाची नेमणूक कोठे होईल हे आज सांगता येत नाही. परंतु ती लडाखच्या एखाद्या महाविद्यालयात झालीच, तर हजर होताच पहिला अर्ज कशासाठी करावा, हे मी आज आग्रहपूर्वक सांगणार आहे: महाविद्यालयाच्या स्वतःच्या मालकीचे, यंत्राने गोठवलेले आइस हॉकीचे रिंक.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. जुन्या सैनिकी बुटांच्या तळव्यांना लोखंडी पाती ठोकून ज्यांनी तेथे हा खेळ आरंभिला, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही कारझूच्या तळ्यावर रात्रीच्या कडाक्यात पाण्याचा पातळ थर ओततात, तो गोठला की दुसरा ओततात आणि सकाळी खराट्याने भुगा झाडून मगच काठी हाती घेतात. प्रामुख्याने लडाखी मुलींचा असलेला भारतीय महिला संघ २०१६ साली आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला आणि २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला, ही त्याच बर्फाची पुण्याई. पण तळे गोठलेले राहते ते जेमतेम दोन महिने, आणि शाळा-महाविद्यालयांना हिवाळी सुट्टी असते ती नेमकी तेव्हाच! सत्र चालू असते तेव्हा बर्फ नसतो, बर्फ असतो तेव्हा विद्यार्थी आपापल्या गावी गेलेले असतात. अशा स्थितीत महाविद्यालयाचा म्हणून संघ उभा राहावा तरी कसा?

लेहच्या एनडीएस क्रीडासंकुलात रिंक आहे, २०२४ साली खेलो इंडियाचे सामनेही तेथे झाले, हे मी विसरलेलो नाही. तथापि जे सर्वांचे असते तेथे सैन्य, निमलष्करी दले, मंडळे आणि शाळा यांच्या मागे विद्यार्थ्याची पाळी लागते, आणि पाळीने मिळालेल्या तासात सामना होतो, शिक्षण होत नाही.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाची हकीकत या संदर्भात मननीय आहे. १९१४ साली पदवीधर झालेला होबी बेकर हा त्या काळचा अद्वितीय खेळाडू. पण विद्यापीठाच्या आवारात रिंक नव्हते, म्हणून कार्नेगी सरोवर गोठण्याची वाट पाहायची आणि सामन्यांसाठी न्यूयॉर्कचे सेंट निकोलस रिंक गाठायचे, हाच त्याच्या संघाचा परिपाठ होता. महायुद्ध संपल्यावर, डिसेंबर १९१८ मध्ये, फ्रान्समध्ये विमान कोसळून तो मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ जी वर्गणी जमली तीत हार्वर्ड आणि येल या प्रतिस्पर्धी विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांनीही हात सैल सोडला, आणि त्या वर्गणीतून बांधून १९२३ साली उघडलेल्या रिंकवर प्रिन्स्टनचे विद्यार्थी आजही खेळतात.

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. काँक्रीटच्या तळातील नळ्यांतून थंड केलेले मिठाचे पाणी सतत फिरवावे लागते, तेव्हा कोठे वर इंचभर जाडीचा बर्फ टिकतो. डेहराडूनच्या क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेले रिंक पुढे कित्येक वर्षे कुलूपबंद पडले, याचे मला मनस्वी दुःख आहे; इमारतीस मंजुरी मिळते, वीजबिल आणि यंत्रज्ञाचा पगार मात्र अंदाजपत्रकाच्या बाहेर राहतो. लेहमध्ये निदान शरद आणि वसंत ऋतूंतल्या थंड रात्री यंत्राचे काहीसे ओझे उचलतील, आणि शीतयंत्रातून बाहेर पडणारी उष्णता वाया न घालवता वसतिगृहाच्या स्नानाचे पाणी तापवता येईल. परदेशी रिंकांवर अशी योजना आहे. तेव्हा अर्ज लिहाल तो केवळ बांधकामाचा लिहू नका. दहा वर्षांच्या विजेची, एका कायम यंत्रज्ञाची आणि मुलींच्या संघासाठी राखीव वेळेची तरतूद त्याच कागदावर मागा, आणि त्यावर मंजुरीची सही झाल्याखेरीज कोनशिलेची तारीख ठरवू देऊ नका.