भिसे यांचे यंत्र आणि आपली पेटंटे

(बिलोली येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज सकाळी या सभागृहातील बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकचा टूथब्रश होता. त्याची दांडी कशी तयार होते हे सहसा कोणी विचारात घेत नाही. प्लॅस्टिकचे दाणे तापवून वितळवतात, तो रस दाबाने पोलादी साच्यात सोडतात, क्षणभर थंड होऊ देतात आणि साचा उघडून दांडी बाहेर काढतात. या पद्धतीच्या यंत्राचे पहिले पेटंट अमेरिकेतील जॉन हायट यांनी १८७२ मध्ये घेतले. पण हायट यांची कल्पनाही आकाशातून पडलेली नव्हती. वितळलेला धातू दाबाने साच्यात घालण्याची यंत्रे त्यापूर्वीच निघाली होती आणि त्यांचा आरंभ छापखान्याच्या खिळ्यांपासून झाला होता. म्हणजे आपल्या हातातील दात घासण्याच्या दांडीचे कूळ शोधत गेले, तर ते अक्षरांच्या ओतशाळेपर्यंत जाऊन पोहोचते.

या ओतशाळेच्या विद्येत एका मराठी माणसाने लंडनच्या कारागिरांना चकित केले होते. त्यांचे नाव शंकर आबाजी भिसे. त्यांच्या नावावर सुमारे चाळीस पेटंटे आणि दोनशेच्या आसपास शोध सांगितले जातात. तथापि आपल्या शालेय पुस्तकांतून वाढलेल्या दहा मुलांना विचारले, तर कदाचित एकालाही हे नाव ठाऊक नसेल. त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणण्याची एक पद्धत आहे. गौरव म्हणून ती ठीक. पण आपला माणूस मोठा ठरवायलाही परक्याचाच गज लागावा, ही गोष्ट थोडी खटकते.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. बालपणाचा काही काळ खानदेशात धुळ्याला गेला. तेथे चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करणारे छोटे यंत्र उभे केले. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागून तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो. तो नळीने दूर नेऊन पेटवला की ज्योत स्वच्छ मिळते. यातील तत्त्व घरातल्या प्रत्येक माउलीने अनुभवलेले आहे. चुलीतून धूर येतो म्हणजे न जळलेले सरपणच वर जात असते. धूर हे वाया गेलेले इंधन आहे. पऱ्हाटी असो वा तुराटी, तिच्यातून आधी वायू निघतो आणि त्या वायूला योग्य जागी पुरेशी हवा मिळाली तर तो धूर न होता जळून जातो. आजच्या सुधारित चुली आणि शेगड्या याच तत्त्वावर चालतात. चौदा वर्षांच्या मुलाने हे पुस्तकात वाचले असेलही, परंतु वाचलेले हाताने करून पाहिले, हे विशेष.

सोळाव्या वर्षी त्यांनी ठरवले की संशोधकाचेच आयुष्य जगायचे आणि त्यासाठी इंग्लंड किंवा अमेरिकेला जायचे. ते लगेच जमले नाही. मधल्या काळात त्यांनी दृष्टिभ्रमाचे प्रयोग करून दाखवले, मुंबईत एक वैज्ञानिक मंडळी जमवली, सहज उघडून फसवता येणार नाही अशी बाटली आणि लोकल गाडीत पुढचे स्थानक दाखवणारा दर्शक असे नाना शोध लावले. मग एका ब्रिटिश नियतकालिकात शोधकांची स्पर्धा जाहीर झाली. वाणसामान आपोआप तोलून देणारे यंत्र हवे होते. भिसे यांनी रात्री मेणबत्तीच्या उजेडात आराखडा काढला आणि तो ब्रिटिश स्पर्धकांना मागे टाकून पहिला आला.

येथून पुढची कथा जितकी त्यांची, तितकीच त्या काळच्या सार्वजनिक जीवनाची आहे. मुंबईचे पुढारी दिनशा वाच्छा यांनी त्यांना परिचयपत्र दिले आणि भिसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनला दादाभाई नौरोजी यांच्याकडे गेले. दादाभाई त्या वेळी हिंदुस्थानातून संपत्तीचा ओघ कसा बाहेर जातो याचा हिशेब जगापुढे मांडत होते. वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या राजकारण्याने एका तरुण यंत्रज्ञाचा खर्च उचलण्याचे मान्य केले. देशाची बुद्धी हीसुद्धा देशाची संपत्ती आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसावे. भिसे यांनी लंडनमध्ये विजेवर चालणारा जाहिरातफलक केला, तो क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला. स्वयंपाकघरातील उपकरणे, शौचालयाची आपोआप चालणारी टाकी, असे बरेच काही त्यांच्या हातून उतरले.

पण त्यांचे खरे काम सुरू झाले ते खिळ्यांच्या यंत्रापासून. तरुण मित्रांनी छापखान्याचा खिळा कदाचित पाहिलेलाही नसेल. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा हा छोटा ठोकळा. त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. इंग्रजीचे काम थोड्या अक्षरांत भागते, परंतु देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांत जे सौंदर्य आणले, ते या किचकटपणावर मात करूनच. खिळा ओतताना अडचण वेगाची असते. रस साच्यात भरला पाहिजे, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, धातू गोठला पाहिजे आणि तरीही साचा इतका तापता कामा नये की पुढचा खिळा गोठणारच नाही. वेग वाढवला तर साचा तापतो. साचा निववत बसले तर वेग जातो. प्लॅस्टिकच्या कारखान्यातील तंत्रज्ञ आजही नेमक्या याच झगड्यात असतो.

भिसे यांनी १९०१ च्या सुमारास या प्रश्नाला हात घातला. लंडनच्या प्रख्यात कॅस्लन ओतशाळेतील जाणकारांनी त्यांच्या कल्पनेला हसून वाटेला लावले. त्यावर वाद घालत न बसता भिसे यांनी यंत्रच करून दाखवले. 'भिसोटाइप' हे त्याचे नाव. मिनिटाला सुमारे १२०० खिळे ते ओतू शके. हसणाऱ्यांची तोंडे बंद झाली. यंत्राला पेटंट होते, परीक्षेत ते उतरले होते, बाजारही समोर होता. मग अडले कोठे?

अडले भांडवलाशी. यंत्राचा एक नमुना आणि यंत्रांचा कारखाना यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. नमुन्याला एक कार्यशाळा पुरते. कारखान्याला जागा, ओतकाम, कुशल माणसे, विक्रीची यंत्रणा आणि दोन-चार वर्षे नफ्याविना थांबण्याची तयारी लागते. समोर लिनोटाइप आणि मोनोटाइप यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्या आधीच पाय रोवून उभ्या होत्या. दादाभाईंच्या ओळखीने हेन्री हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने पैसा उभा करण्याचे आश्वासन दिले, पण १९०७ च्या अखेरीस ते फोल ठरले. दादाभाईही त्याच वर्षी मायदेशी परतले होते. १९०८ मध्ये भिसे यांनी लंडनचा गाशा गुंडाळला.

परतीच्या बोटीवर त्यांची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखले मुळात गणिताचे प्राध्यापक. यंत्राचे मर्म त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी शब्द टाकला आणि जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा भांडवल द्यायला पुढे आले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला अर्थसाहाय्य करणारे रतन टाटा ते हेच. १९१० मध्ये लंडनमध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. काम पुन्हा सुरू झाले, सुधारणा झाल्या. आणि पहिले महायुद्ध आले. युद्धाने बाजार विस्कटला, सिंडिकेटही गुंडाळले गेले. भिसे युद्ध चालू असतानाच न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी खिळ्यांच्या यंत्राच्या नव्या, अधिक सोप्या रचना केल्या, त्यांची पेटंटे घेतली, आयोडीनवर आधारलेले एक औषध तयार केले. ते 'ॲटोमिडीन' नावाने विकले गेले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचे देहावसान झाले. ज्या माणसासाठी वाच्छा, दादाभाई, गोखले आणि टाटा असे चौघे झटले, त्याचे यंत्र हिंदुस्थानात कधी मोठ्या प्रमाणावर तयार झाले नाही.

याचा दोष केवळ परकीय राज्यावर टाकून मोकळे होता येईल का? परकीय राज्य होतेच. तो कायदाही इंग्रजांच्या सोयीने झालेला होता. या देशात शोधकाला हक्क देणारा पहिला कायदा १८५६ चा. पण पारतंत्र्याइतकीच दुसरी उणीव आपली होती. ओतकाम, घडकाम, सूक्ष्म मापांची हत्यारे करणारा कारागीरवर्ग भिसे यांच्याभोवती स्वदेशात उभा नव्हता आणि थांबायला तयार असणारा सावकार त्याहून दुर्मीळ होता. पेटंट हा नुसता कागद आहे. तो दुसऱ्याला अडवतो, आपल्याला चालवीत नाही.

आता या कागदाविषयी. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा असतो. शोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यायची आणि त्या बदल्यात सरकारने वीस वर्षे ती इतरांना वापरू द्यायची नाही. मुदत संपली की युक्ती सर्वांची. म्हणूनच जे आधीपासून सर्वांचे आहे, त्यावर पेटंट मिळू नये. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करविले. माशेलकर मूळचे गोव्यातील माशेलचे. २००२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही असे स्पष्ट झाले.

दातांच्या बाबतीतही असा प्रसंग आला. २०१० मध्ये कोलगेट-पामोलिव्ह कंपनीला अमेरिकेत तांबड्या वनौषधी दंतमंजनाचे पेटंट मिळाले आणि लवंग, कापूर, मिरी ही नावे वाचून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. संताप स्वाभाविक होता. कडुलिंबाचे दातवण आणि राखुंडी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांना असे वाटणारच. पण संतापाच्या आधी एक काम करायचे असते. पेटंटच्या शीर्षकावर हक्क मिळत नाही. शेवटी जे 'दावे' लिहिलेले असतात, तेवढ्यापुरताच हक्क असतो. ते दावे वाचणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असला पाहिजे. आणि परंपरेतले सगळेच मिरवायचे नसते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. भाजलेल्या तंबाखूची मिसरी आपल्याच घरांत आली आणि तिने दातच काय, अनेकींचे तोंड नासवले.

बिलोली परिसरात हाताने काम करणारी बुद्धी कमी नाही. पेरणीयंत्राला जोड देणारा लोहार, पंपाची दुरुस्ती करताना नवीच कळ बसवणारा मुलगा प्रत्येक गावात आहे. त्यांची चूक बहुधा एकच होते. युक्ती साधली की ती आधी प्रदर्शनात मांडतात, चित्रफीत काढून सगळ्यांना पाठवतात आणि मग पेटंटची चौकशी करतात. एकदा जगजाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सहसा नवी राहत नाही. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन. काम अपुरे असेल तर तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण वर्णन द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीने इंटरनेटवरून अर्ज केल्यास मूळ शुल्क १६०० रुपये आहे, परीक्षणाचे वेगळे; त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. ग्रामीण शोधकांसाठी २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान निवडक शोधांचे अर्ज स्वतः करते. शेतीच्या अवजाराचा प्रश्न असेल तर तालुक्यातच सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील माणसांशी बोलावे.

भिसे यांच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. अमेरिकेत त्यांनी दाखल केलेली पेटंटे, यंत्राच्या प्रत्येक तरफेच्या व झडपेच्या आकृत्यांसह, आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. नांदेडच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या येथील मुलांनी त्यातील एखादी आकृती उतरवून घ्यावी आणि त्या साच्याला निववण्यासाठी त्यांनी काय योजना केली होती, ते शोधून काढावे.