कॉम्प्युटरचं घड्याळ आणि गटाचा हप्ता

बदलापूरला आमच्या एका गटाचं काम एका ताईंच्या घरातून चालतं. दोन जुने कॉम्प्युटर, वायफाय एकच. एकावर बचत आणि कर्जाचे हप्ते, दुसऱ्यावर उल्हासनगरहून येणाऱ्या शिलाईच्या ऑर्डरी. हिशेबाची फाइल रोज रात्री दोन्हीकडे आपोआप सारखी होते. ज्या फाइलवरची वेळ नंतरची, ती ताजी, असं मशीन धरतं.

एकदा एका मैत्रिणीने भरलेला हप्ता फाइलमधून गायब! पासबुकात सही होती म्हणून बरं, नाहीतर तिच्यावरच संशय आला असता.

शोधलं तर पहिल्या कॉम्प्युटरचं घड्याळ दोन तास मागे होतं. हप्ता पाचला चढवला, मशीनने लिहिले तीन. दुसऱ्यावर चारला कुणीतरी जुनी फाइल सेव्ह केली होती. रात्री तीच 'ताजी' ठरली आणि नव्या नोंदीवर जाऊन बसली.

तुमच्याकडे असं झालं तर मोबाइल दोन्ही कॉम्प्युटरशेजारी धरून वेळ ताडून बघा. कित्येक तासांचा ठरावीक फरक दिसला तर टाइम झोन बघा. मुंबई, नवी दिल्लीची ओळ हवी, अधिक ५:३०. (मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' चालत होती, तेव्हा घोळ काही नवा नाही.)

भिंतीवरचं बटण बंद केल्यावर घड्याळ मागे पडतं का? मग आतला बटणासारखा गोल सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ असतो, स्वस्तात मिळतो. आमचं दुखणं तेच निघालं. तारीखच जुन्या सालावर गेली, तर बँकेची साइटसुद्धा उघडत नाही. लोक उगाच नेटला दोष देतात.

सेल बदलला की वेळ हाताने जवळपास लावा, 'आपोआप वेळ' चालू करा आणि नेट सुरू असताना 'सिंक नाऊ' दाबा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याचं घड्याळ लावू नका; दोघांनाही एकाच खात्रीच्या ठिकाणाहून वेळ घेऊ द्या. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. तिचा पत्ता टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग. दोन्हीकडे तोच घाला.

दुरुस्ती होईपर्यंत फाइल आपोआप सारखी करणं बंद ठेवा, आणि हप्ते एकाच कॉम्प्युटरवर चढवा.