बायकांनी समुद्रात उतरावे काय?



चिटणीसबाईंनी मला आधीच बजावले आहे की, अंदमानचे प्रवासवर्णन नको, उपयोगी असेल तेवढेच सांगा. म्हणून सेल्युलर जेलविषयी मी बोलत नाही. सावरकर १९११ ते १९२१ तेथे होते, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक आहे, आणि ती कोठडी पाहण्यासाठीच आपली बहुतेक मंडळी इतक्या दूर जातात. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांचे. हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप आहे) मुले पाण्यात जातात, पुरुष जातात, आणि आपल्या वयाच्या बायका चपलांचा ढीग, मोबाइल आणि टॉवेल राखीत वाळूवर बसतात. एका किनाऱ्यावर अशा अकरा जणी मी मोजल्या. त्यांपैकी निम्म्या तरी मराठी बोलत होत्या!

माझे माहेर रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. ओहोटीला कालवे फोडायला आम्ही मुली जात होतो, पण पाणी गुडघ्यापर्यंत. पोहणे भावांनी शिकायचे. तेव्हा ‘पोहता येत नाही’ ही अडचण माझीही होतीच. परंतु तेथे गेल्यावर कळले की पाण्याखालचे पाहण्यास पोहता यावेच असे नाही.

हॅवलॉकच्या धक्क्यावरून होडीने एलिफंट बीचला जातात. जंगलातून पायवाटही आहे. तेथे स्नॉर्केलिंग करता येते. म्हणजे काय, तर डोळे व नाक दोन्ही झाकणारा काचेचा चष्मा, तोंडात वाकडी नळी, अंगात तरंगते जाकीट, आणि पाण्यावर पालथे पडून खाली पाहणे. बरोबरचा वाटाड्या मुलगा रबरी कडे धरून आपल्याला ओढीत नेतो. अवघड एवढेच की श्वास तोंडाने घ्यायचा. पहिली पाच मिनिटे जीव कासावीस होतो. मग लक्षात येते की आपण बुडत नाही, आणि खाली नजर जाते.

खाली जे आहे त्यास आपण पोवळे म्हणतो. मी आजवर पोवळे म्हणजे दागिन्यातला खडा समजत होते. ते दगड नव्हे, झाडही नव्हे; ती बारीक बारीक प्राण्यांची वसाहत आहे. कोठे मेंदूसारखे गोल, कोठे सांबराच्या शिंगासारखे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते त्यांना अन्न देते आणि रंगही देते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते, आणि उष्णता टिकली तर मरते. अंदमानात २०१० साली व पुन्हा २०१६ साली असे झाले. मेलेल्या भागावरून आम्ही गेलो. पडक्या वाड्याच्या अंगणासारखे दिसते. गोल पोवळे वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे परातीएवढे व्हायला आपला अर्धा जन्म जावा. म्हणून त्यावर पाय टेकायचा नाही, हे वाटाड्या सांगो वा न सांगो. तुकडा पिशवीत घालून आणणे तर कायद्याने गुन्हाच आहे. हिरवा-निळा पोपटमासा पोवळे कुरतडतो, त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. तो ऐकून मला हसू आले आणि नळीत पाणी शिरले.

आता स्कूबा. त्यात पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातात, आणि शिक्षक सर्व वेळ आपल्याला धरून असतो. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो. म्हणून उतरताना नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबायची, म्हणजे कान मोकळे होतात. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना तर मुळीच नाही, कारण छातीतली हवा फुगते व फुप्फुसास इजा होते. एकदा उतरल्यावर निदान बारा तास, आणि अनेकदा उतरल्यास अठरा तास, विमानात बसायचे नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी हे ठेवू नका.

उतरण्यापूर्वी एक इंग्रजी छापील कागद सहीला देतात. माझ्या मुलीने तो मला ओळ न ओळ वाचून दाखविला. रक्तदाब, दमा, हृदयविकार, गरोदरपण, कानाचे दुखणे, सर्व विचारलेले असते. आमच्या वन्संना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेथील माणूस म्हणाला, “आंटी, सगळीकडे ‘नाही’ लिहा, काही होत नाही.” आमचे हे देखील म्हणाले की पैसे भरलेले आहेत. मी म्हटले, पैसे जाऊ देत, वन्संचे खरे तेच लिहू. वन्सं रुसल्या, दुपारचे जेवल्या नाहीत. पण त्या पाण्याखाली गेल्या नाहीत, काचेच्या तळाच्या होडीत बसल्या, आणि तेथून त्यांना माझ्यापेक्षा मोठा मासा दिसला, हे त्या अजून सांगतात. ज्यांना असे दुखणे आहे त्यांनी घरीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठी न्यावी. तेथे उन्हात उभे राहून या गोष्टीचा निर्णय होत नाही.

पोषाखाची चौकशी बऱ्याच जणींनी माझ्याजवळ खाजगीत केली. साडीने पाण्यात जाऊ नये. ती पायात गुंतते. लांब बाह्यांचा अंगासरशी झगा व खाली घट्ट विजार असली की ऊनही लागत नाही व पोवळ्याने खरचटतही नाही. स्कूबासाठी मानेपासून पायापर्यंतचा रबरी पोषाख तेच देतात. मंगळसूत्र काढायला सांगतात. मी काढले आणि मुलीच्या बटव्यात ठेवले. वन्संनी तोंड फिरविले. ह्यांनी मात्र, “हरवण्यापेक्षा बरे,” एवढेच म्हटले.

नील बेटावर, ज्याचे आता शहीद द्वीप झाले आहे, पोवळ्याच्या खडकाची नैसर्गिक कमान आहे. तेथे ओहोटीच्या वेळीच जायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक मागे जाते, हे कोकणातल्यांना सांगायला नको. काही किनाऱ्यांवर मगरींच्या पाट्या आहेत, तेथे पाय सुद्धा भिजवू नये. आणि थंडीत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघावे.

मी चष्मा व नळी विकत घेऊन आले आहे, ती येथे टेबलावर ठेवली आहेत. घरी घंगाळात पाणी घेऊन, तोंड बुडवून, तोंडाने श्वास घेण्याचा सराव करता येतो. कोणास हवी असल्यास न्या, मात्र पुढच्या मंगळवारी परत करा. लगेच दुसरीने नावे घातलेली आहेत.